दगडफुलाची प्रजाती ओळखताना: भिंग की डीएनए?

परतवाड्याकडच्या आमच्या भागात जुन्या आंब्यांच्या खोडांवर दगडफुलांचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनणाऱ्या जीवांचे, राखाडी चट्टे पुष्कळ आढळतात. त्यांच्या प्रजाती बाह्यलक्षणांवरून ठरवाव्यात की नमुने जनुकीय तपासणीला पाठवावेत, असे मला नोंदी करू लागलेल्या काही तरुणांनी विचारले आहे. मी दोन्ही करून पाहिले आहे.

पिक्सिन कोकोएस आणि डिरिनारिया ॲप्लानाटा या दोन प्रजातींचे उदाहरण घेऊ. दोन्ही सालीला घट्ट चिकटून वाढतात, दोन्हींवर पिठासारखे सोरेडिया (ज्यांपासून नवे दगडफूल वाढते ते बारीक कण) असतात आणि नुसत्या डोळ्यांना त्यांतला फरक सहसा कळत नाही. मात्र नोटा तपासण्याच्या अतिनील बत्तीखाली पिक्सिन पिवळे चमकते, कारण त्याच्या वरच्या थरात लायकेक्झॅन्थोन हे रसायन असते. डिरिनारिया तसे चमकत नाही, पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडताच पिवळे होते. शंका उरलीच तर कडा हलकेच उचलून भिंगातून खालची बाजू पाहावी; मुळांसारखे तंतू पिक्सिनला असतात, डिरिनारियाला नसतात. थेंब टाकून रंग पाहण्याची परीक्षा दगडफुलांचे अभ्यासक नायलँडर यांनी 1866 मध्ये सुचवली आणि ती अजूनही उपयोगी पडते.

जनुकीय तपासणीचे मोल मी कमी मानत नाही. अमेरिका खंडातले कोरा हे दगडफूल दीर्घकाळ एकच प्रजाती समजले जाई. डीएनएच्या आधारे 2014 मध्ये त्यात किमान 126 प्रजाती असल्याचे दाखवण्यात आले, आणि हे केवळ भिंगाने उलगडले असते असे वाटत नाही.

माझा कल ठरला तो एका नमुन्यामुळे. ऐन जुलैत, साल वरवर कोरडी दिसते म्हणून, मी एका दगडफुलाचा अर्धा तुकडा कागदी पाकिटात घालून पाठवला. काही आठवड्यांनी अहवाल आला, तो वाटेत त्यावर चढलेल्या साध्या बुरशीचा. दगडफुलाचा मुख्य घटकही बुरशीच असतो, आणि बुरशीचे डीएनए शोधणाऱ्या या पद्धतीला कोणती बुरशी आपल्याला हवी आहे हे कळत नाही. संपूर्ण वाळवण शक्य असेल तिथे हा दोष कदाचित किरकोळ ठरेल. आमच्याकडच्या पावसाळी हवेत मला तो किरकोळ वाटला नाही. म्हणून ज्यांचा निवाडा भिंग, बत्ती आणि थेंब यांनी होत नाही, तेवढेच नमुने मी आता पाठवतो, तेही उन्हाळ्यात.

त्या नमुन्याचा उरलेला अर्धा तुकडा मी घरी ठेवला होता. अहवाल आला त्याच संध्याकाळी तो बत्तीखाली धरला, तेव्हा तो पिवळा चमकला.