मेलबर्नमधलं हॉस्टेल: स्वयंपाकघराला पैकीच्या पैकी

४६२ व्हिसावर (ऑस्ट्रेलियात फिरता फिरता कामही करू देणारा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा) आले, कॅफेत काम धरलं आणि स्वयंपाकघर बघूनच हे हॉस्टेल घेतलं. निर्णय योग्य ठरला. शेगड्या चकचकीत, फ्रिजमध्ये प्रत्येकीच्या पिशवीवर नाव. रविवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधून आणलेली कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळली की गुरुवारपर्यंत हिरवीगार. खिचडीला लसणाची फोडणी दिली की शेजारची कोरियन मुलगी वाटी घेऊन यायची. परक्या शहरात त्याचं फार बरं वाटायचं.

खोलीत मात्र आठजणी. माझा पहाटे ५चा गजर सगळ्यांची झोप मोडायचा. शिफ्टवाल्यांना वेगळी खोली द्यायलाच हवी. डिपॉझिटसाठीही तीनदा विचारावं लागलं, ते खटकलं. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट, त्यामुळे कामावर जायचा खर्च शून्य. भाडं आठवड्याचं आगाऊ घेतात, तेवढे पैसे हाताशी ठेवूनच या.