आयमूव्ही: दोन चौकटी आणि खांबामागचे बाबा

आत्याची पंच्याहत्तरी सांगलीत होती आणि फोटोंची फिल्म करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी फोनवरच्या एका फुकट ॲपला 62 फोटो दिले. प्रत्येक फोटो मनाला येईल तिकडे सरकायचा आणि मधेच बदामाच्या आकाराचं भोक पडून पुढचा उगवायचा. नवरा म्हणाला, "पंच्याहत्तरी आहे की साखरपुडा?" मुकाट्याने त्याचा मॅक (ॲपलचा कॉम्प्युटर) उघडला. आयमूव्ही, म्हणजे ॲपलचं फिल्म जोडायचं ॲप, त्यावर होतंच, पैसे पडत नाहीत.

आयमूव्हीची खरी गंमत 'केन बर्न्स' या सोयीत आहे. फोटो निवडून वरचं क्रॉपचं चिन्ह दाबलं की ती सापडते. फोटोवर दोन चौकटी येतात, 'स्टार्ट' आणि 'एंड'. कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं ते आपण सांगायचं, मधला प्रवास ते करतं. नाव अमेरिकी माहितीपटकाराचं. 1990 साली त्याने अमेरिकेतल्या यादवी युद्धावर मालिका केली, तेव्हा जुन्या फोटोंवरून असाच कॅमेरा फिरवला होता.

आत्याच्या लग्नाचा, 1972 चा ग्रुप फोटो घ्या. तीसेक माणसं आणि डाव्या टोकाला मांडवाच्या खांबाआड अर्धे लपलेले माझे बाबा, वय पंधरा. आधी मी सगळ्यांवरून बाबांपर्यंत गेले. मजा येईना. चौकटींची अदलाबदल करायचं बाणांचं बटण दाबलं. आता पडद्यावर आधी एक घाबरट पोरगा, मग हळूहळू मागे येत पूर्ण मांडव, मधोमध आत्या. या एका फोटोला सात सेकंद दिले. एरवीचे चार इथे कुणालाच पुरत नाहीत.

चौकटी आधी आपोआप बसतात, त्या तपासायच्या असतात. मी आळस केला आणि आजीच्या उभ्या फोटोत तिचं कपाळच उडालं. चौकट आडवी, फोटो उभा, दुसरं काय होणार! मग स्टार्ट नऊवारीच्या काठावर आणि एंड चेहऱ्यावर ठेवली. तो तुकडा सगळ्यात छान झाला.

ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका फोटोवरून दुसऱ्यावर जायच्या तऱ्हांच्या यादीत पान उलटणं, घनासारखं फिरणं, दार उघडणं असं बरंच आहे. मी सगळं लावून पाहिलं आणि सगळं काढलं. फक्त क्रॉस डिझॉल्व्ह (एक फोटो विरत दुसरा उमटतो तो) ठेवला, एका सेकंदाचा. काका गेल्यानंतरचे फोटो सुरू होतात तिथे एकदाच 'फेड टू ब्लॅक', म्हणजे पडदा हळूहळू काळा. हालचाल आणि ट्रान्झिशन दोन्ही नाचायला लागली की म्हाताऱ्या माणसांना चेहरे ओळखता येत नाहीत. हॉलमध्ये निम्मे सत्तरीपुढचे होते.

एक मात्र करा: व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंवर झूम नको, चेहऱ्यांचा लगदा होतो. चार बाय सहाचे मूळ फोटो मी 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून घेतले. लांब बाजूला 3600 पिक्सेल मिळतात आणि पडद्याला लागतात 1920, म्हणजे साधारण निम्म्या फोटोपर्यंत बिनधास्त आत शिरता येतं.

विंडोजवर आयमूव्ही चालत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे मॅक नाही त्यांनी कुणाचा तरी मागून आणावा. मला शनिवारच्या तीन रात्री लागल्या, त्यातली एक तो बदामवाला प्रकार विसरण्यात गेली. 1080पी फाइल पेन ड्राइव्हवर नेली, हॉलवाल्याच्या लॅपटॉपवर पहिल्या झटक्यात चालली.