‘भारतातलं सिम बंद ठेवा’ सांगणारा माणूस

थायलंडला निघण्याआधी ह्यांच्या व्हॉट्सअॅपवर सूचनांची एक यादी आली होती. पोलिसांना दिली तिचीच एक प्रत अजून माझ्या पर्समध्ये असते. सात मुद्दे आहेत. पाच अगदी बरोबर, कोणालाही उपयोगी पडतील असे. उरलेल्या दोन मुद्द्यांच्या जोरावर आमच्या खात्यातून १,०५,००० रुपये गेले आणि माझ्या नणंदेचे २५,००० गेले ते वेगळेच.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजार, मांजलपूर, कारेलीबाग अशा सगळीकडचे लोक एका टूरमध्ये जमले होते, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. अहमदाबादहून बँकॉकचं विमान. टूरचा ग्रुप तयार झाला तसा त्यात कोणीतरी एक नंबर टाकला: थायलंडचं ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) स्वस्तात मिळेल, माणूस खात्रीचा आहे. ज्यांनी टाकला त्यांनाही तो दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून मिळाला होता, हे मागाहून कळलं. रावपुऱ्यात मरीमाताच्या खाच्यात, म्हणजे त्या नावाच्या गल्लीत, मोबाइलची दुकानंच दुकानं आहेत, पण घरबसल्या काम होत असताना तिथल्या गर्दीत कोण शिरणार? आपल्या कंपन्यांच्या रोमिंग पॅकपेक्षा याचा भाव बराच कमी होता. ह्यांच्याशी तो मराठीत बोलला, शेजारच्या काकांशी गुजरातीत.

त्याने तीन गोष्टी मागवल्या. पासपोर्टचा फोटो, विमानाचं तिकीट आणि आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी. पासपोर्ट मागणं रीतसर आहे, थायलंडमध्ये प्रीपेड सिम पासपोर्टवर नोंदवूनच मिळतं. तिकीट कशाला, तर पॅक किती दिवसांचा लावायचा ते बघायला. हेही पटण्यासारखं. पण आधार? परदेशातल्या कुठल्याही मोबाइल कंपनीला आपल्या आधारशी काही देणंघेणं नसतं. बाहेरदेशाच्या सिमसाठी जो आधार मागतो त्याला ते दुसऱ्याच कामासाठी हवं असतं, हे वाक्य मी आता भेटेल त्याला ऐकवते. तिकिटावरून त्याला आम्ही कोणत्या तारखेला जाणार आणि कधी परतणार हेही कळलं. चोराला घर बंद असल्याच्या तारखा हाताने लिहून देण्यातलाच हा प्रकार.

ईसिम मात्र खरं होतं. बँकॉकला उतरलो आणि नेट सुरू. चाओ फ्राया नदीतल्या बोटीवरून काढलेले फोटो पाच मिनिटांत घरच्या ग्रुपवर. ‘बघ, केवढ्या स्वस्तात काम झालं,’ असं हे मला दोनदा म्हणाले. काही शे रुपयांचं खरं ईसिम देणं हे त्या माणसाचं भांडवल होतं. माल खोटा असता तर पहिल्याच दिवशी आरडाओरडा झाला असता आणि त्याचं सगळंच फिसकटलं असतं.

त्याने पाठवलेल्या यादीकडे येते. पहिला मुद्दा: ईसिम घरच्या वायफायवर असतानाच टाकून घ्या. बरोबर. दुसरा: थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. हेही बरोबर. हे कार्ड म्हणजे परदेशी प्रवाशांनी भरायचा ऑनलाइन फॉर्म. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, त्याला एक पैसा लागत नाही, आणि त्याच्या नावाने पैसे उकळणाऱ्या नकली साइट खरोखर आहेत. म्हणजे हा माणूस आम्हाला दुसऱ्या ठगांपासून सावध करत होता! आणखी एका मुद्द्यात लिहिलंय की कार्डाने पैसे देताना मशीनवर ‘रुपये की बाथ’ असं आलं तर बाथ, म्हणजे तिथलं चलन, निवडा, रुपये निवडलेत तर महागात पडेल. तेही खरं आहे. अशी यादी ज्याने लिहिली त्याच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही?

चौथा मुद्दा असा: ‘उतरल्यावर भारतातलं सिम सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण बंद ठेवा, नाहीतर रोमिंगचं मोठं बिल येईल.’ आणि सहावा: ‘नवीन सिममुळे व्हॉट्सअॅप मध्येच लॉगआउट होऊ शकतं. पुन्हा चालू करायला जाऊ नका, अकाउंट ब्लॉक होतं. भारतात परतल्यावर आपोआप सुरू होईल.’

चौथ्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते गळी उतरतं. बिल येतं ते डेटाचं आणि कॉलचं. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवलं आणि त्यावर आलेले फोन उचलले नाहीत की झालं. सिम बंद करायची गरज नाही. रोमिंग सेवा आधी चालू करून ठेवली असेल तर परदेशात येणारा एसएमएस आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतो. सहावा मुद्दा शुद्ध थाप आहे. फोनमध्ये दुसरं सिम घातल्याने व्हॉट्सअॅप बंद पडत नाही, जुन्या नंबरावर तसंच चालू राहतं. ते बाहेर फेकलं जातं, ते तोच नंबर दुसऱ्या कोणी दुसऱ्या फोनवर नोंदवला तर.

आम्ही तिकडे फिरत होतो तेव्हा इकडे काय चाललं होतं, ते नंतर सायबर पोलिसांनी उलगडून सांगितलं. दुसऱ्या एका गावातल्या दुकानातून ह्यांच्या नंबराचं डुप्लिकेट सिम निघालं. कागद ह्यांच्या आधारचा, चेहरा भलत्याचाच. अशा विनंतीचा मेसेज कंपनी जुन्या सिमवर पाठवते. तो आला, पण बंद सिमवर. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस बंद ठेवायचे असा दूरसंचार खात्याचा नियम आहे. हेतू चांगला आहे: खऱ्या मालकाच्या फोनवरचं नेटवर्क जाईल, तो हडबडून चौकशी करेल आणि तोवर चोराला ओटीपी मिळणार नाही. बडोद्यात असते तर हे तासाभरात मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन उभे राहिले असते. पण ज्याने सिम स्वतःच बंद केलंय त्याला नेटवर्क गेल्याचं कसं कळणार? ते २४ तास चोराने आरामात काढले.

पुढचं काम सोपं होतं. बँकेत आणि आधारला तोच एक नंबर. युपीआयचा पिन डेबिट कार्डावरून लावता येतो तसा आधारावरूनही लावता येतो. नव्याने सुरू केलेल्या युपीआयवर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, म्हणून आधी ५,००० गेले. दुसऱ्या दिवशी १ लाख. खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज अर्थातच चोराच्या हातातल्या सिमवर. बँकेत ईमेल नोंदवलेला होता तो ह्यांच्या जुन्या ऑफिसचा, निवृत्तीनंतर बंद झालेला. ईमेल कुठल्याही देशाच्या नेटवर येतो. निघण्याआधी बँकेत चालू ईमेल आहे ना, एवढं पाहिलं तरी पहिल्या ५,०००लाच ओरड झाली असती.

कळलं ते माझ्या जुन्या फोनमुळे. त्यात ईसिम चालत नाही, म्हणून मी माझं सिम रोमिंगवर ठेवलं होतं आणि नेट ह्यांच्या हॉटस्पॉटवरून घेत होते. पटायाला रात्री जेवून खोलीवर आलो तर नणंदेचा मेसेज. ‘दादाला मिळाले का गं पैसे? हॉटेलवाल्याने काही कटकट केली नाही ना?’

मी लगेच फोन लावला. ‘ताई, कसले पैसे?’

‘अगं, त्यानेच तर मागितले! पर्स गेली, हॉटेलचे द्यायचेत म्हणाला. तुला सांगू नको म्हणाला, घाबरशील म्हणून.’

‘हे तर इथे माझ्यासमोर बसलेत. ह्यांचं व्हॉट्सअॅप कालपासून बंद आहे.’

ताई काही बोलेचनात. मग हळूच म्हणाल्या, ‘हिंदीत लिहिलं होतं त्याने. मला वाटलं, बोलून टाइप करतोय घाईत.’ आमच्या घरी मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकाच ताटात असतं, तेव्हा त्यांना शंका आली नाही यात नवल नाही. भाऊ परदेशात आहे हे त्यांना ठाऊक होतं, भावाच्याच नंबरावरून मेसेज होता.

त्याच माणसाकडून टूरमधल्या आणखी चार कुटुंबांनी ईसिम घेतलं होतं. आम्ही दोघं मजल्यावरची दारं ठोठावत निघालो. ‘बेन, शूं थयूं?’ म्हणत कोणी गाऊनवर, कोणी बनियनवर बाहेर आलं. सगळ्यांना भारतीय सिम चालू करायला लावलं, आणि तिथे नवाच घोळ. दोघांच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’. आता हे सिम पळवल्यामुळे की रोमिंग घेतलंच नव्हतं म्हणून? फोनकडे बघून दोन्हीत काही फरक दिसत नाही. शेवटी कारेलीबागच्या एका काकांच्या मुलाने बडोद्याहून युक्ती काढली. ‘पप्पा, मी तुमच्या नंबरवर फोन लावतो. बंद आहे असं ऐकू आलं तर ठीक. रिंग गेली तर नंबर दुसऱ्या कोणाकडे आहे.’

एकाचा बंद लागला. काकांच्या नंबरावर रिंग गेली, कोणीतरी उचलला, काही न बोलता ठेवला. काकू मटकन पलंगावर बसल्या. पण त्यांचं सिम त्याच दिवशी पळवलेलं होतं, एसएमएसची बंदी अजून उठायची होती. मुलाने कंपनीला सांगून नंबर बंद करवला, काकांनी बँकेला फोन करून खातं गोठवलं, एक रुपयाही गेला नाही. सिम बंद ठेवून परदेशात असलेलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर आत्ता त्यांच्या नंबरावर साधा फोन लावून बघा. व्हॉट्सअॅप कॉल नव्हे, साधा.

आमची तक्रार नोंदवतानाही परदेशात असल्याचा त्रास झालाच. थायलंडच्या सिमवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लागला नाही. बडोद्याहून माझ्या धाकट्या दिरांनी लावला. तिथल्या माणसांना खाते क्रमांक आणि व्यवहारांचे बारा आकडी नंबर लगेच हवे होते, ते बँकेकडून मिळवेपर्यंत अर्धा तास गेला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर शिरायलाही भारतीय नंबरावर ओटीपी लागतो. तो माझ्या सिमवर आला. दोघांचीही सिमं बंद असती तर ते दारही लागलेलं असतं. म्हणून जोडीने जाणार असाल तर निदान एकाचं सिम तरी रोमिंगवर चालू असू द्या, स्वस्तातला पॅक घ्या हवं तर. व्हॉट्सअॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून ठेवा. तो असता तर ताईंना मेसेज गेलाच नसता. आधार कोणाला पाठवावंच लागलं तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

परतल्यावर बँकेतल्या साहेबांचं पहिलं वाक्य होतं, ‘आधार तुम्हीच दिलंत ना?’ मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक छापून नेलं होतं. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कोणाचा असेल आणि मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं असेल, तर त्याच्यावर भार नाही, आणि कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, असं त्यात होतं. ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला दिला तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा, पण ह्यांनी पिन कोणालाच दिला नव्हता आणि ओटीपी तर ह्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. साहेबांनी मान डोलावली, लेखी काही दिलं नाही. मग अर्जाखाली मी एक ओळ लिहिली: ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू. त्यानंतर फाइल हलली. १,०५,००० जमा झाले.

ताईंचं तसं नाही. पैसे त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिनने पाठवले. ते परिपत्रक अशा व्यवहाराला लागू होत नाही असं त्यांच्या बँकेने कळवलं. १९३०वर फोन गेला तोपर्यंत पैसे दोन खाती फिरून चुकले होते, दुसऱ्या खात्यात ११,००० सापडले ते पोलिसांनी रोखून धरलेत. ते सोडवून घ्यायला ताईंनी न्यायालयात अर्ज केलाय. बाकीचे १४,००० कुठल्याशा एटीएममधून आधीच निघून गेले होते. ह्यांनी ते भरून द्यायचं म्हटलं तर ताई ऐकायला तयार नाहीत.