रसगुल्ला की संदेश: घरी आधी काय करावं?

दोन्ही मिठायांचा पाया छेनाच, म्हणजे फाडलेल्या दुधाचा ताजा चोथा. 1 लिटर गाईचं दूध उकळून, गॅस बंद करून, दोनेक मिनिटांनी लिंबाचं पाणी थोडं थोडं घालायचं. निवळी हिरवट दिसली की थांबायचं. मग गार पाण्याने धुऊन बांधून ठेवायचं.

मेहनत: रसगुल्ल्यात खरी परीक्षा मळण्याची. छेन्यातलं तूप सुटून तळव्याला लागेपर्यंत, साधारण 8-10 मिनिटं. छेना ओला राहिला तर गोळे पाकात विरघळतात, फार कोरडा झाला किंवा कमी मळला तर तडकतात. पाक पातळच हवा, 1 वाटी साखरेला 4 वाट्या पाणी. मोठ्या आचेवर झाकून 15 मिनिटं. म्हशीच्या दुधाचा नाद इथे सोडाच, गोळे चिवट होतात. संदेश बराच माफ करतो: 200 ग्रॅम छेन्याला 60 ग्रॅम साखर, मंद आचेवर कढई सोडेपर्यंत. जास्त परतला तर भुसभुशीत, एवढाच धोका. नोलेन गूर (खजुराचा नवा गूळ) असेल तर शेवटी घाला.

खर्च: सारखाच, रसगुल्ल्याला साखर जास्त, तीही पाकात उरते.

टिकणं: नरम पाकाचा, म्हणजे मऊ ठेवलेला संदेश फ्रिजमध्ये दोन दिवस, कडा पाकाचा, म्हणजे कोरडा केलेला त्याहून जास्त.

पहिलाच प्रयत्न असेल किंवा डबा प्रवासात न्यायचा असेल तर संदेश. हाताला छेन्याचा अंदाज आला असेल आणि पाहुणे घरीच जेवणार असतील तर रसगुल्ला.