जेरिको: बाविसाव्या भागावर थांबावं, की एकोणतिसाव्यापर्यंत जावं?

भाच्याचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "मामा, जेरिकोचा पहिला सीझन संपला. पुढचे सात बघू की इथेच सोडू?" मी जागा होतो, तरी उत्तर सकाळी दिलं. या प्रश्नावर माझं मत आहे आणि ते दोन ओळींत मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

जेरिको या अमेरिकन टीव्ही मालिकेचे पहिले 22 भाग ज्यांनी पाहिलेत त्यांच्यासाठीच हे आहे. 23 शहरांत फुटलेले अणुबॉम्ब, कॅन्ससमधलं ते लहानसं गाव, जेक ग्रीन, हॉकिन्स आणि त्याने दडवलेला न फुटलेला बॉम्ब, एवढं माहीत आहे असं धरतो. पहिल्या सीझनमधलं काहीही फोडेन, दुसऱ्यातलं बेताबेताने.

या मालिकेला शेवटचे भाग दोन आहेत. एक 9 मे 2007 चा, दुसरा 25 मार्च 2008 चा, आणि दोन्ही वेळा सीबीएस या वाहिनीने मालिका गुंडाळली. पहिल्या वेळी लोकांनी भाग पाहिला तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं, आठवड्याभराने बातमी आली. दुसऱ्या वेळी भागाच्या चार दिवस आधीच जाहीर झालं होतं. लोकांच्या प्रतिक्रियांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला तो मुख्यतः यामुळे, असं मला वाटतं.

मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी ओव्हरलँड पार्कला होतो, म्हणजे चक्क कॅन्ससमध्ये. बुधवारी संध्याकाळी सातला जेरिको लागायचं. ऑफिसात कॅन्ससमधल्याच हेज गावाकडचा एक जण होता, तो दर गुरुवारी एकच विनोद करायचा: "आमच्याकडे हे डोंगर कुठे आहेत ते मला दाखव, मी रविवारी चढून येतो." चित्रीकरण कॅलिफोर्नियातलं, त्यामुळे सपाट कॅन्ससच्या क्षितिजावर अधूनमधून डोंगर उगवायचे. तरीही एकही बुधवार त्याने चुकवला नाही.

त्या वसंतात आई-बाबा नाशिकहून आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. इंग्रजी वाचायचे, पण तिथले उच्चार कानावरून जायचे, म्हणून जाहिराती लागल्या की मी भराभर सांगायचो. सात ते आठ कुकर लावायचा नाही असा घरात नियम झाला होता, शिट्टीत संवाद बुडतात म्हणून. शेजारच्या न्यू बर्न गावाने पवनचक्क्या द्यायच्या आणि जेरिकोने धान्य आणि मीठ, आणि त्यावरून गोष्ट लढाईपर्यंत जायची, हे बाबांना माझ्याआधी कळलं. "कालव्याच्या शेपटाचं गाव आणि तोंडाचं गाव," एवढंच म्हणाले.

तो शेवटचा भाग आठवा. जेकचे वडील जॉन्स्टन ग्रीन, आमच्या घरातले 'मेयरसाहेब', गोळी लागून जातात. बाहेर न्यू बर्नची माणसं उभी. त्यांचा म्होरक्या कॉन्स्टँटिनो रेडिओवरून शरण या म्हणतो आणि जेक एक शब्द बोलतो: "नट्स."

बाबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "शेंगदाणे."

मग सांगावं लागलं. डिसेंबर 1944, बास्तोनला जर्मनांचा वेढा, शरण येण्याचा निरोप, आणि अमेरिकन जनरल मॅकऑलिफ यांनी कागदावर लिहून पाठवलेलं एका शब्दाचं उत्तर. बाबा म्हणाले, "म्हणजे, उडत गेलास, असं म्हणाला." याहून नेमकं भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

पडदा काळा झाला. "पुढचं बुधवारी ना?" मी म्हटलं, सप्टेंबरात. आणि आठवड्याने कळलं की सप्टेंबरातही नाही.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. लोकांनी सीबीएसच्या कचेऱ्यांवर खरोखरच शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. सगळे मिळून वीसेक टन, चाळीस हजार पौंडांच्या वर. ऑफिसातल्या आम्ही चौघांनीही वर्गणी काढली, माझे पंधरा डॉलर. बाबांना हे पटेना. "मालिका बंद केली म्हणून शेंगदाणे? आणि ते ऐकतील?" 6 जूनला सीबीएसच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी चाहत्यांना पत्र लिहून सात भाग जाहीर केले आणि शेवटी ताजा कलम टाकला की कृपा करून शेंगदाणे पाठवणं आता थांबवा. बाबा तोवर नाशिकला पोचले होते. फोनवर सांगितलं तर इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

आता त्या वेळच्या प्रतिक्रियेबद्दल एक गोष्ट. नंतर कुठे कुठे असा सूर लागला की अर्धवट शेवटामुळे लोक चिडले. मला तसं आठवत नाही. 9 मेच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जी बोलणी झाली ती खुशीची होती. जेकने नेमकं तेच का म्हणावं, रणगाड्यात हॉकिन्स किती वेळ टिकेल, फौज कुणाच्या बाजूने येतेय. पुढच्या आठवड्यात चीड आली ती सीबीएसवर, भागावर नव्हे. भाग तर सगळ्यांना आवडला होता. तो आवडला होता म्हणूनच वीस टन झाले. चाहत्यांची निशाणी कुठून आली हेही बघा: त्याच भागातल्या शेवटच्या शब्दातून. एखाद्या फसलेल्या शेवटातून लोकांनी इतकं काही उचलल्याचं मला तरी ठाऊक नाही.

मध्ये हेही सांगतो की सीबीएसचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2006 अखेरपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मालिका सुट्टीवर ठेवली, ते मात्र महागात पडलं. तेव्हा गळालेले बरेच लोक परतलेच नाहीत. टॅसलर यांच्या पत्रातही हेच होतं की तुम्ही निष्ठावंत आहात, पण संख्येने वाढायला हवेत.

आता दुसरा सीझन. 12 फेब्रुवारी 2008, मंगळवार, रात्री नऊ. नऊ महिने वाट पाहिलेली. मी सोफ्यावर एकटाच, समोर पोहे. आणि इथेच माझं मन उडालं.

लढाई नाही.

म्हणजे आहे, पण असून नसल्यासारखी. आपण ज्या क्षणी थांबलो होतो, दोन गावं एकमेकांवर बंदुका रोखून, मेयरसाहेबांचा देह घरात, तिथून पुढचं सगळं काही मिनिटांत उरकतं. फौज मध्ये पडते, मेजर बेक येतो, आणि थोड्याच वेळात आपण काही आठवडे पुढे असतो. गाव आवरलेलं, दिवे लागलेले, दुकानात माल. न्यू बर्नशी वैर आहे, पण फायलीतल्या प्रकरणासारखं. वडील गेल्यावर जेक पहिला दिवस कसा काढतो, त्याची आई गेल जेवायला कुणाकुणाची पानं घेते, भाऊ एरिक काय बोलतो, यातलं जवळपास काहीच नाही. मला वाटलं, पान वाढलं, हात धुऊन बसलो, आणि ताट उचलून थेट बडीशेप पुढे केली.

कारणं कळतात. सातच भाग होते, पैसा कमी होता, लढाई महाग. हे सगळं मी ऑफिसात दुसऱ्यांना समजावून सांगितलंही. पण मंगळवारी रात्री स्वतःला पटवता आलं नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "मग मेयरचं तेरावं कुणी केलं?" हा काही कसोटीचा निकष नाही हे मान्य. मी दोन्ही सीझन नंतर तीनदा पाहिले, आणि तिन्ही वेळा तेविसाव्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

न्याय म्हणून पुढच्या सातांची बाजूही सांगतो. इसाई मोरालेसचा बेक फार चांगला आहे. शत्रू म्हणून येतो आणि त्याचा तिढा हळूहळू उलगडतो. वायोमिंगमधल्या शायेन शहरातलं नवं सरकार, उभ्या पट्ट्यांचा झेंडा, शाळेत आलेली नव्या इतिहासाची पुस्तकं: बॉम्बपेक्षा हे जास्त भीतीदायक आहे, आणि पहिल्या सीझनमध्ये यातलं फारसं काही नव्हतं. चौथ्या भागात एक मृत्यू आहे. कोण ते सांगत नाही, पण तो भाग एकटा काढून ठेवला तर मालिकेतल्या पहिल्या तीनांत बसेल. ज्याला राजकारण जास्त आवडतं, गावातल्या भानगडींपेक्षा देशाचं काय होतं यात रस आहे, त्याने खुशाल पुढे जावं. हेजवाला माझा सहकारी याच मताचा होता. तो म्हणायचा की पहिला सीझन म्हणजे नुसती शेजाऱ्यांची भांडणं.

पण गती बघा. बाविसात जे मुरत मुरत होतं ते सातांत धावत सुटतं. कुणी कट उघड करतो आणि पुढच्याच प्रसंगात सगळ्यांना पटलेलं असतं. शेवटच्या भागात बॉम्ब, विमान, मागे लढाऊ विमानं, टेक्सास, येऊ घातलेलं यादवी युद्ध, सगळं चाळीसेक मिनिटांत. थरार आहे, नाही म्हणत नाही. मात्र तो बघताना सारखं जाणवतं की लिहिणाऱ्याचा एक डोळा घड्याळावर आहे.

आणि याचे शेवट दोन चित्रित केले होते. मालिका चालू राहिली तर एक, बंद झाली तर दुसरा. निर्णय आला तसा बंदवाला लावला. लोंबकळता शेवट नंतर डीव्हीडीवर दिला. यात गैर काही नाही, पहिल्या वेळी पोळल्यावर कोणीही शहाणपणाने हेच केलं असतं. मला मात्र ते मुहूर्ताच्या आणि तेराव्याच्या अशा दोन्ही पत्रिका छापून ठेवण्यासारखं वाटतं. एकदा हे कळलं की जेकच्या शेवटच्या वाक्यांत जीव अडकत नाही.

25 मार्चनंतर ऑफिसातली प्रतिक्रिया वेगळी होती. लोक समंजस झाले होते. "निदान शेवट तरी मिळाला," हे वाक्य मी त्या बुधवारी तीन जणांकडून ऐकलं. आजारी माणूस गेल्यावर सुटला म्हणतात, त्या सुरात. वर्गणी काढायचं कुणी बोललंही नाही. पुढे 2009 पासून कथा कॉमिकच्या रूपात चालू राहिली, पहिल्या अंकावर तिसरा सीझन असं छापून. मी ते घेतलं आणि पूर्ण वाचलं नाही. हॉकिन्सचं काम करणारा लेनी जेम्स गप्प बसून जे करतो ते चित्रात येत नाही.

तर भाच्याला काय सांगितलं? त्याला अर्धवट काही ठेवलेलं सहन होत नाही, पुस्तक आवडलं नाही तरी शेवटचं पान वाचूनच ठेवतो. म्हणून म्हटलं, तू बघ, सातच आहेत, एका शनिवारी होतील. त्यातल्या चौथ्यासाठी तरी बघच. पण तुझ्या जागी मी असतो तर बाविसाव्यावर थांबलो असतो, निदान वर्षभर. त्यावर त्याने विचारलं, मग लढाई कोण जिंकलं हे कळायचं कसं? मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी ते 2007 मध्येच ठरवून टाकलंय, त्यांना फोन कर.

थांबायचंच ठरलं तर एक लक्षात ठेवा. हल्ली एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि "नट्स" नंतर नावं सरकायला लागली की हाताशी पाच-सात सेकंदच असतात. रिमोट आधीच हातात घेऊन बसा.