तीन हंगाम डेलिया: फुलाला दहापैकी नऊ, मानेला दहापैकी दोन

काल कंदांचं खोकं उघडलं. ठेवताना १४ होते. त्यांतले ५ टणक, ३ सुरकुतलेले, ४ म्हणजे नुसती टरफलं आणि उरलेले २ हात लावताच बुळबुळीत. त्यामुळे हे रागात लिहिते आहे, ते तसंच वाचा.

फुलांबद्दल तक्रार नाही. ‘कॅफे ओ ले’ ही जात १९६७ पासूनची, पण तिचं थाळीएवढं दुधाळ-गुलाबी फूल पहिल्यांदा उमललं तेव्हा दिवसभरात दहा वेळा तरी बघून आले असेन. एक नुसता निळा सोडला तर या झाडाकडे सगळे रंग आहेत. कापलेलं फूल पाण्यात चार-पाच दिवस टिकतं, आणि कळी कापून आणली तर ती बहुधा कळीच राहते, म्हणून अर्धा गुण कापला. भुरीने खालची पानं पांढरी पडतात त्याचा आणखी अर्धा. बाकी माझं सगळं भांडण मातीखाली आहे.

भांडण मानेशी आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठूनही तुकडा पाडा. रताळ्याच्या अंगातूनही कोंब निघतो. डेलियाचा कंद दिसतो रताळ्यासारखा, पण त्याच्या जाडजूड अंगाला एकही डोळा नाही. डोळे असतात ते फक्त जुना दांडा जिथे कंदांच्या झुबक्याला मिळतो, त्या गड्ड्यावर. आणि गड्डा व कंद यांच्या मध्ये असते ही मान, कधी कधी पेन्सिलीएवढी बारीक. ती मोडली की खालचा कंद कितीही गुबगुबीत असला तरी निरुपयोगी. मोडली नाही, नुसती चिरली, तरी सड आत शिरते. जातींच्या वर्णनात फुलाचा व्यास, झाडाची उंची, पाकळ्यांचा प्रकार सगळं लिहिलेलं असतं. मान किती जाड, हे कुणी लिहीत नाही. मेक्सिकोने १९६३ साली डेलियाला राष्ट्रीय फूल केलं, तेव्हाही मानेचा विचार झाला नसावा.

हे ज्ञान मला पैसे मोजून मिळालं. पहिल्या हंगामात ६ कंद मागवले, ४ उगवले. सहा आठवडे थांबून विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, पाणी जास्त झालं असेल. उकरून पाहिलं तर दोन्ही कंद ठणठणीत, खाली पांढरी मुळंसुद्धा फुटलेली, आणि वर गड्ड्याचा कणही नाही. म्हणजे आंधळे कंद. फोटो पाठवले. ‘अजून थोडी वाट बघा.’ डोळाच नाही तर वाट कुणाची बघायची? बरीच लिहालिही झाल्यावर एक कंद बदलून मिळाला. त्याची मान वाटेतच मोडली होती.

त्या वर्षाअखेरीस काढणीला मीही काही दिवे लावले नाहीत. दांडा धरून उपटला आणि झुबक्यातले निम्मे कंद मानेतून लोंबकळायला लागले. मग जोरदार पाण्याने धुतले, त्यात आणखी दोन गेले. आता दांडा वीतभर ठेवून कापते, सगळ्या बाजूंनी फूटभर अंतरावरून माती सैल करते आणि झुबका खालून हात घालून उचलते. लगेच विभागतही नाही. आठवडाभर सावलीत ठेवलं की डोळे थोडे फुगतात, मग सुरी कुठे चालवायची ते दिसतं.

साठवणुकीत मात्र माझं मत दोनदा फिरलं. पहिल्या वर्षी कुजण्याची इतकी धास्ती होती की कंद खडखडीत वाळवले आणि उघड्या टोपलीत ठेवले. सगळे काष्ठ झाले. दुसऱ्या वर्षी घाबरून ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पुरले, ते कुजले. बटाट्यासारखी जाड साल याला नाही, पाणी भराभर उडतं. मूळचं हे झाड मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं: पावसात वाढायचं, कोरड्या थंडीत जमिनीखाली झोपायचं. त्याला ना बर्फ चालतं, ना झोपेत चिखल. म्हणून जिथे जमीन गोठते तिथे ते काढून ठेवावं लागतं आणि जिथे विश्रांतीच्या काळात धो धो पाऊस पडतो तिथेही. ४ ते १० अंश सेल्सिअस, अंधार, आणि धड कोरडं नाही, धड ओलं नाही. सांगायला सोपं आहे.

यंदा ७ कंद जेमतेम दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, पिशवीत विकत मिळतं) ठेवले. दुसरी पिशवी घ्यायचं जिवावर आलं, म्हणून उरलेले ७ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. टरफलं झालेले चारही आणि सुरकुतलेले तिन्ही वर्तमानपत्रातले. टणक पाचही व्हर्मिक्युलाइटमधले. ती पिशवी वाळवून पुढच्या वर्षी परत वापरता येते, हे मला दुकानात उभी असताना सुचलं नाही. बुळबुळीत दोघं? त्यांच्या मानेला चीर होती. ठेवताना दिसली होती. गंधकाची भुकटी लावून, ‘बघू’ म्हणत ठेवले होते.

(इथपर्यंत लिहून बारा दिवस गेले, आणि थोडं मागे घ्यावं लागतंय.)

ते तीन सुरकुतलेले कंद फेकायला काढले होते, पण हात होईना. दमट कोकोपीटवर ठेवले. दोन चक्क फुगले, आणि एकाच्या गड्ड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी डोळा आला आहे. तेव्हा सुरकुतला म्हणून टाकू नका, दाबून पाहा. पोकळ लागला तरच टाका.

दुसरं, गेल्या हंगामात एका कंदाचे बोटभर कोंब बुडाशी कापून लावले होते. तीन आठवड्यांच्या आत मुळं धरली. एका कंदाची चार झाडं झाली, फुकट, आणि त्याच हंगामात फुललीही. ती लहान कुंड्यांत वाढवली होती. हंगाम संपल्यावर खणायचा कंटाळा केला, वरचा भाग कापला, पाणी तोडलं आणि कुंड्या तशाच कोपऱ्यात सरकवल्या. काल त्याही उपड्या करून पाहिल्या. चारही झुबके मातीत घट्ट, एकही मान मोडलेली नाही. माझ्या आळसाने माझ्या काळजीपेक्षा जास्त कंद वाचवले, हे पचायला जड जातंय. आता सगळं कुंडीतच, खणणं बंद. ‘कॅफे ओ ले’ला तेवढी मोठी कुंडी कुठून आणायची ते बघते.

नावांच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडाली, म्हणून टणक पाचांतला कोण कुठला ते फुलल्यावरच कळेल. पेन्सिलीने लिहा, ती उडत नाही.

मागच्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची नवी यादी आली. एका जांभळ्या जातीबद्दल एकच प्रश्न पाठवला: मान किती जाड असते? उत्तर लगेच आलं. फुलाचा व्यास २५ सेंटिमीटर.