आधी रबर, मग रिम: ग्रिप हवी असेल तर पैसे कुठे घालायचे?

ताकदवान गाडी घेतली की हात पहिल्यांदा वळतात ते अलॉयकडे. माझेही वळले होते. मूळची १८ इंची चाकं काढून १९ इंची बसवली. दिसायला देखणी, पण उचलताना कंबर धरायला लावणारी. टायर मात्र उरलेल्या पैशांत बसले ते घेतले. फोटो झकास यायचे. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू लागलं की ताकद आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पूर्वीपेक्षा जास्त लुकलुकायचा. आधी कळस, मग पाया, असला तो प्रकार. म्हणून इथे तुलना उलट्या क्रमाने करतोय: आधी कंपाउंड, म्हणजे टायरचं रबर कसलं, मग रुंदी, रिम सगळ्यात शेवटी.

रस्त्याचा टायर की ट्रॅकचा?

ऑल-सीझन टायरबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. थंडी कडक असेल आणि टायरचा एकच सेट परवडत असेल तर ठीक, पण ग्रिपसाठी तो घ्यायचा नसतो. खरी निवड समर परफॉर्मन्स टायर, दोनशे ट्रेडवेअरचे (हा टायरच्या झिजेचा आकडा) टायर आणि सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे ट्रॅकचे टायर, यांच्यात आहे.

मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एसचा ट्रेडवेअर आकडा ३००, योकोहामा अडव्हान ए०५२ आणि ब्रिजस्टोन आरई-७१आरएसचा २००, टोयो आर८८८आरचा १००. ढोबळमानाने आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ आणि चिकट, झिजही तितकी भराभर. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते आणि तो झिजेचा आहे, ग्रिपचा नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे '२००' एकसारखे पकडतील असं धरून चालू नका. शेजारी लिहिलेली ‘एए’ किंवा ‘ए’ ही श्रेणीसुद्धा ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरते. वळणाबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

कोरड्या ट्रॅकवर आर८८८आरसारखा सेमी-स्लिक गरम झाला की रस्त्याच्या टायरला मागे टाकतो, यात वाद नाही. पण तो गरम व्हावा लागतो. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत समर टायर जो भरवसा देतो, तो सेमी-स्लिक देत नाही. पावसात तर विचारूच नका: खाचा कमी, त्यामुळे पाणी बाहेर फेकायला वाट कमी, आणि साचलेल्या पाण्यावर गाडी लवकर तरंगते. समर टायरचीही मर्यादा आहेच. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की त्याचं रबर ताठरतं.

माझं मत सांगतो. रोज चालवायची आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर न्यायची गाडी असेल तर चांगला समर टायर घ्या. महिन्याला ट्रॅकवर जात असाल तर दोनशेवाला. सेमी-स्लिक तेव्हाच, जेव्हा तो वेगळ्या चाकांवर चढवून ठेवता येईल.

रुंद की उंच?

रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर जास्त, असा सर्रास समज आहे. हवेचा दाब आणि वजन तेच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो आकार: लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. वळणात त्याचा फायदा मिळतो. शिवाय टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. रुंद टायरमध्ये तो भार जास्त रुंदीवर पसरतो, म्हणून ही गळती कमी होते आणि रबर तापतंही कमी.

जागेवरून सुसाट निघायचं असेल तर गणित वेगळं. तिथे लांबट ठसा आणि उंच, लवचीक साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) कामाला येते. ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाड्यांचे मागचे टायर निघताना कसे चुरगळतात ते आठवा. माझी १९ इंची चाकं इथेच मार खात होती. साइडवॉल बुटकी, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर टायर टेकण्याऐवजी उड्या मारायचा.

आकडे मांडून बघू. टायरवरचा पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉल उंच आहे तो, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २२५/४० आर १८ चा एकूण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर, २५५/३५ आर १८ चा ६३६. म्हणजे ३० मिलिमीटर रुंदी वाढूनही स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास होते तिथेच. पण २५५ ला ९ इंच रुंद रिम हवी. ८ इंची रिमवर तो कोंबला तर साइडवॉल आत ओढली जाते आणि वळणात खांदा, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि साइडवॉल यांच्यामधला कोपरा, मुडपतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढून दोन फेऱ्या मारून या. रेघ कुठवर पुसली, ते बघितलं की टायर किती लोळतोय हे लगेच दिसतं.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या टायरचा व्यास कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर वेगळा ठेवू नका. पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस किंवा मधलं क्लच त्याची किंमत मोजतं.

रिम

ओतीव, फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग कड फिरवत-दाबत ताणलेली) आणि फोर्ज्ड (प्रचंड दाबाखाली घडवलेली), हे तीन प्रकार. फोर्ज्ड तेवढ्याच ताकदीला सगळ्यात हलकी आणि सगळ्यात महाग. रेज कंपनीच्या टीई३७ या प्रसिद्ध चाकाच्या नावातला ३७ हा १५ इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून आला, यावरून या खेळात वजनाला किती मान आहे ते कळेल. हलकं चाक उंचवट्यावरून लवकर खाली येतं आणि टायर रस्त्याला चिकटून राहतो. तरीही वाईट टायरला ते चांगलं करत नाही. म्हणून बहुतेकांना फ्लो-फॉर्म्ड पुरे.

व्यास ब्रेक कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) मावेल तेवढाच घ्या. ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) मूळच्या जवळ ठेवा, नाहीतर स्टिअरिंग हातात ओढ घेऊ लागतं. रिमचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोठं असेल तर रिंग बसवा.

टायर ताब्यात घेताना साइडवॉलवरचा चार अंकी शिक्का वाचा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आणि ट्रॅकवर टायर गार असताना हवा भरून विसरू नका. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर बाहेर येऊन गेज लावा आणि जास्तीची हवा काढा.